मुंगीच्या पावलाने येणारा रोग

माझ्या मायबहिणींनो, आणि गावोगावचे गुरुजी नि बाई,

दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या पावलाने, अशी आपल्याकडे म्हण आहे. थंडीताप म्हणा, हगवण म्हणा, एका रात्रीत धडधाकट माणसाला अंथरुणावर आडवे करते आणि मग उठून बसायला पंधरा दिवस लागतात. पण आज मी ज्या रोगाविषयी आपल्याशी बोलणार आहे, त्याची चाल अगदी उलटी आहे. तो मुंगीच्या पावलाने येतो. आला हे कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, तापही येत नाही. बाई शेतावर जाते, पाणी भरते, भाकऱ्या थापते, आणि आत पिशवीच्या तोंडाशी हा रोग दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे हळूहळू घर करीत असतो. हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. भारतात दर वर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावतात.

आता कोणी म्हणेल, कर्करोगाचे नाव काढून बाई घाबरवायला आल्या. तसे नाही. उलट धीर द्यायला आले आहे. जो रोग यायला इतकी वर्षे लावतो, त्याला वाटेतच गाठायला आपल्यालाही तितकीच वर्षे मिळतात. रोग होण्याआधीची जी बिघडलेली जागा असते ती सापडली, तर थंडाव्याने गोठवून किंवा उष्णतेने जाळून ती तिथल्या तिथे काढता येते. पोट फाडावे लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. अट एकच : ती जागा कोणीतरी वेळेवर पाहिली पाहिजे. आणि एकदाच पाहून भागत नाही, ठरलेल्या मुदतीने पुन्हा पुन्हा पाहिली पाहिजे.

हे पाहणे म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती मोठी असते. एक तपासणी अशी की नर्सबाई किंवा डॉक्टरीणबाई पिशवीच्या तोंडाला पाण्यात पातळ केलेले एक आम्ल कापसाने लावतात. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगारमध्ये, असते तेच हे आम्ल. मिनिटभर थांबतात. जागा बिघडलेली असेल तर ती पांढरी दिसते. त्या जागी थोडे चुरचुरते, एवढेच. दुसरी तपासणी एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूची. हाच विषाणू बहुतेक सगळ्या अशा कर्करोगांच्या मुळाशी असतो. हे हाराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या तपासणीत आतला थोडा स्राव मऊ ब्रशने घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. दोन्ही तपासण्यांना पाच-दहा मिनिटे पुरतात. पाळी चालू असताना मात्र जाऊ नये. ती संपल्यावर जावे.

हे सगळे परदेशातल्या पुस्तकांतले ज्ञान आहे असे समजू नका. यातले पुष्कळसे आपल्याच मातीत, आपल्याच बायांच्या सहकार्याने सिद्ध झाले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग-नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावी कार्यकर्ते जात. कोणाला कर्करोग झाला, तो कितपत पुढे गेल्यावर कळला, हे नोंदवीत. पण ते नुसते लिहून परतत नसत. चावडीवर, देवळापुढे, ओसरीवर बसून ते लक्षणे समजावून सांगत. त्याचा परिणाम असा झाला की काही वर्षांतच रोग लवकरच्या अवस्थेत असताना दवाखान्यात येणाऱ्या बायांचे प्रमाण वाढले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. केवळ चार शब्द नीट सांगितले म्हणून एवढा फरक पडला.

पुढे १९९९ साली याच बार्शीच्या डॉक्टरांनी, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या साहाय्याने, उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक फार मोठे काम हाती घेतले. तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या गावांचे चार गट केले. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात काचपट्टीवरची पेशींची तपासणी, तिसऱ्यात आम्ल लावून पाहण्याची तपासणी आणि चौथ्यात केवळ माहिती. पहिल्या तीन गटांत सुमारे एक लाख बायांना बोलावणे गेले. त्या खेड्यातल्या, बहुतेक शेतमजुरी करणाऱ्या, पुष्कळशा निरक्षर. तुम्हाला वाटेल, किती आल्या असतील? पाचांतल्या जवळजवळ चार आल्या! कारण बोलावणे कागदावर गेले नव्हते. ते बाईमाणसाने दारात येऊन, पाट टाकून बसून, तोंडाने दिले होते.

आठ वर्षांनंतर हिशेब मांडला. ज्या गटात केवळ माहिती दिली होती, त्यात या कर्करोगाने ६४ बाया गेल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात, बायांची संख्या थोडी जास्तच असूनही, ३४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने जवळजवळ निम्मे मृत्यू टळले. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर मानला गेला. चौथ्या गटातल्या बायांना त्या वेळी तपासणी मिळाली नाही, याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ती विसरण्याजोगी नाही. त्या ६४ जणींचे ऋण आपल्यावर आहे. ते फेडायचे तर एकच मार्ग : त्यांच्यामुळे जे कळले ते वापरायचे.

आता एक बारकाई लक्षात घ्या. उस्मानाबादेत आम्ल लावून एकदाच पाहिलेल्या गटात मृत्यूंमध्ये तितका स्पष्ट फरक दिसला नाही. पण त्याच सुमारास, १९९८ पासून, टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हीच साधी तपासणी सुरू केली होती. तिथे ती दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या मुली. तिथे या कर्करोगाचे मृत्यू शंभरांतले एकतीस कमी झाले. म्हणजे साधी तपासणीही कामाला येते, पण ती पुन्हा पुन्हा केली तर. एकदा खुरपले म्हणून रानात जन्मभर तण उगवत नाही असे होते का? तसेच हे आहे.

सरकारने २०१६ साली ठरवून दिले की तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची तीन कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी : पिशवीच्या तोंडाची, छातीची आणि तोंडाची. आरोग्य केंद्रात तिला पैसे पडत नाहीत. पण २०१९ ते २१ या काळात देशभर घरोघर जाऊन जी पाहणी झाली, तिच्यात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी सांगितले की आमच्या पिशवीच्या तोंडाची कधीतरी तपासणी झाली आहे. सोय आहे, फुकट आहे, आणि तरी शंभरांत दोन! मग अडते कुठे?

काहीजण चटकन म्हणतात, बायका अडाणी आहेत, लाजतात. लाज असते, नाही कशाला म्हणू? पण नुसत्या लाजेवर खापर फोडणे बरे नव्हे. उस्मानाबादच्या बाया लाजत नव्हत्या का? तरी आल्या. खरी अडचण हातावरच्या पोटाची आहे. फुकट तपासणीला गेलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. एस.टी.चे भाडे पडते. सोबत कोणी आले तर दोन रोज बुडतात. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्या बाईच्या प्रकृतीची पाळी विठोबाच्याही मागून येते. आणि ज्या दुखण्याने दुखतच नाही, त्याच्यासाठी रोज कोण बुडवील? तिचा हिशेब चुकीचा नाही. म्हणून तपासणीच तिच्या हिशेबात बसेल अशी केली पाहिजे.

ती कशी करता येईल? पहिली गोष्ट वेळेची. आठवड्याचा बाजार असतो त्या दिवशी पुष्कळ गावी मजुरीला सुट्टी असते आणि बाया बाजाराच्या गावी येतातच. तपासणीचा दिवस त्याच गावी, त्याच दिवशी ठेवावा अशी मागणी ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राकडे करावी. बीड, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतल्या ऊसतोडीच्या बायांचे पंचांग तर निराळेच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. पौषात त्यांच्या गावी शिबिर भरवले तर भिंतींनाच तपासावे लागेल. त्यांची तपासणी अक्षयतृतीया ते दसरा या अवधीत झाली पाहिजे, आणि पुन्हा बोलावणे असेल तर तेही कोयता उचलण्याआधीच पुरे झाले पाहिजे. एरवी उचल घेतलेली बाई तपासणीचा कागद पेटीत ठेवून फडावर जाते, आणि तो कागद पुढच्या उन्हाळ्यातच उघडला जातो.

या बायांविषयी आणखी एक गोष्ट बोललेच पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. हजारो बायांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या, त्यांतल्या कित्येक ऐन तारुण्यात. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात की काढली नाहीस तर कॅन्सर होईल. कर्ज काढून ती पिशवी काढते, आणि पुन्हा उचल घेऊन ते कर्ज फेडते. बायांनो, नीट ऐका. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो साधा संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. कोणी कर्करोगाची भीती घातली तर त्याला विचारा, माझी तपासणी केली का? कागद दाखवा. तपासणी केल्याशिवाय आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय पिशवी काढायला होकार देऊ नका. भीतीवरचा उतारा सुरी नव्हे, तपासणी आहे.

दुसरी गोष्ट सोबतीची. एकटी बाई दहा वेळा मागे फिरते, पण पाचजणी मिळून निघाल्या की एकमेकींच्या धीराने जातात. आज गावोगावी बचत गट आहेत. महिन्याच्या बैठकीत हप्त्यांची नोंद होते, तिच्यातच एक पान तपासणीचे ठेवा. नाव, वय, मागची तपासणी कोणत्या महिन्यात, पुढची कधी, एवढे चार रकाने पुरे. तपासणीत काय निघाले ते मात्र त्या वहीत कधीही लिहू नका. ते ज्या बाईचे तिने आणि डॉक्टरांनी जाणायचे. गावात गोष्ट फुटते हे एकदा कळले की पुढच्या वेळी कोणी येत नाही.

आणि पाच वर्षे ध्यानात कशी राहणार? मी एक सोपी खूण सांगते. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते. गावात प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्या, दारी उमेदवार हात जोडून आला, की समजा आपली तपासणीची पाळी आली. उमेदवाराला सांगा, मत मागतोस ते ठीक, पण मागल्या पाच वर्षांत गावातल्या किती बायांची तपासणी झाली तेवढे सांग. हा प्रश्न दोन निवडणुकांत विचारला गेला तर तिसऱ्या वेळी तोच उत्तर घेऊन येईल.

तिसरी गोष्ट पुन्हा आलेल्या बोलावण्याची. इथेच सर्वांत जास्त बाया गळतात. निरोप येतो, तुम्हाला परत यायचे आहे. बाईचे हातपाय गळतात. आता माझे काही खरे नाही, असे तिला वाटते आणि भीतीने ती जातच नाही. म्हणून हे आधीच सांगून ठेवावे : पुन्हा बोलावणे म्हणजे कर्करोग नव्हे. उस्मानाबादच्या कामात पद्धतीप्रमाणे शंभरांतल्या सात ते चौदा जणींना पुढच्या तपासणीला बोलावले होते, आणि त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. कोठीतल्या धान्याला किडा लागला की काय म्हणून मूठभर धान्य आपण उजेडात धरतो, तसे ते पुन्हा पाहणे असते. पण बोलावणे आलेली बाई गेलीच नाही, तर आधीची सारी तपासणी फुकट गेली. तिच्यासोबत जाणे हे मैत्रिणीचे, जावेचे, नवऱ्याचे काम.

नवऱ्याचा उल्लेख आला म्हणून पुरुषमंडळींनाही दोन शब्द. बैलाच्या खुरात काटा गेला तर तुम्ही काम टाकून त्याला दवाखान्यात नेता. घरधनिणीला पाच वर्षांतून एक दिवस द्यायला काय हरकत आहे? त्या दिवशी चुलीपाशी तुम्ही बसा, पोरे तुम्ही सांभाळा. आणि बोलावणे आले म्हणून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. हा विषाणू अतिशय सर्रास आढळणारा आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी शिवतो, आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. कोणाकडून आला, कधी आला, याचा पत्ता लागत नाही.

छातीच्या आणि तोंडाच्या तपासणीविषयी थोडक्यात सांगते. छातीची तपासणी हातानेच होते. मुंबईच्या त्याच वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या मुलींनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे पन्नाशीपुढच्या बायांमध्ये छातीच्या कर्करोगाचे मृत्यू शंभरांतले सुमारे तीस कमी झाले. तोंडाची तपासणी तर सर्वांत सोपी, उजेडात तोंड उघडून पाहायचे. आमच्या बाया सकाळी उठल्या की मिशरी लावतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायचे निमित्त, पण चटक तंबाखूची. जिला ती सुटत नाही, तिने तोंडाची तपासणी कधीही चुकवू नये. आणि ज्या बहिणींची पिशवी काढलेली आहे त्यांनीही आपल्याला आता कशाचीच गरज नाही असे समजू नये. छाती आणि तोंड आहेच की!

ही तपासणी ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी आहे, हेही विसरू नका. पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसू लागले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेले, छातीत गाठ लागली, तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर शिबिराची वाट पाहत बसू नका. लगेच दवाखान्यात जा. रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली ठरलेल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांची सोय आहे. रेशनकार्ड आणि ओळखीचा कागद घेऊन जावे आणि तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. घर-वावर विकायला काढण्याआधी हे विचारावे.

आता शेवटी गुरुजी आणि बाई, आपल्याशी. आशाताई घरोघर फिरते, वयाच्या तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरते, पण तिच्या डोक्यावर कामांचा डोंगर आहे. गावात तुमच्या शब्दाला मान आहे. पालकसभेला आया येतात तेव्हा दहा मिनिटे आशाताईला किंवा नर्सबाईला बोलू द्या. तपासणीच्या दिवशी लेकरांना शाळेत थोडे जास्त थांबवून घेतलेत तर आईचा पाय मोकळा होतो. शिक्षिकांनी तर स्वतः पहिल्यांदा जावे. बाई स्वतः जाऊन आल्या, दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभ्या राहून शिकवू लागल्या, हे पाहिल्यावर दहा व्याख्यानांनी होणार नाही ते काम होते. आणि मुलींना विषाणूवरची लस देण्याची वेळ साधारण नऊ ते चौदा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वर्गातली. पुण्यात तयार झालेली लसही आता आहे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीनंतर तपासणी लागेलच, एवढे तिच्या आईच्या कानावर घाला.

बायांनो, उद्या सकाळी एवढेच करा. आशाताई दिसली की विचारा, माझी तपासणी झाली आहे का, आणि नसेल तर कधी आहे? ती जी तारीख सांगेल ती भिंतीवरच्या कॅलेंडरावर, दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच्याच शेजारी लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला लिहायला सांगा. आणि त्या दिवशी निघताना शेजारणीच्या दाराची कडी वाजवा.